लॅटिन भाषा मृत आहे काय ?

लॅटिन ही एक मृत भाषा आहे, हें वाक्य आपणांपैकीं बहुतेकांनीं शाळेंत केव्हां ना केव्हां ऐकलें असेल. शिक्षक तें सहज बोलून जातात, विद्यार्थी तें सहज उतरून घेतात, आणि पुढें जन्मभर त्याविषयीं कोणास शंका येत नाहीं. परंतु आपल्या धर्मग्रामाच्या ह्या अमृतमहोत्सवाच्या प्रसंगीं त्या वाक्याचा थोडा विचार करणें मला उचित वाटतें. कारण ह्या पंचाहत्तर वर्षांपैकीं पहिलीं सुमारें पंधरा वर्षें त्याच भाषेंत आपल्या वेदीवर मिस्सा झाली, त्याच भाषेंत आपल्या वडीलधाऱ्यांचे स्नानसंस्कार झाले, आणि त्यांच्या नोंदीही त्याच भाषेंत लिहिल्या गेल्या. ती भाषा जर खरोखरच मृत असेल, तर आपल्या आईबापांनीं एका प्रेतापाशीं बसून प्रार्थना केली असें म्हणावें लागेल. ती मृत नसेल, तर ती आज कोठें आहे, व तिचें आपल्यावर कांहीं ऋण आहे काय, हें पाहिलें पाहिजे.

प्रथम 'मृत' ह्या शब्दाचा अर्थ निश्चित करूं. खरोखर मृत अशी एक भाषा लॅटिनच्या अगदीं शेजारीं होऊन गेली. रोम नगराच्या उत्तरेस एट्रुस्कन नांवाचे लोक राहत असत. ते रोमकरांच्या आधीं सुधारलेले होते. त्यांचे हजारों लेख आज उपलब्ध आहेत, आणि त्यांचीं अक्षरें ग्रीक अक्षरांवरून घेतलेलीं असल्यामुळें तीं वाचतांही येतात. परंतु वाचलेल्याचा अर्थ थोड्याशा शब्दांपलीकडे लागत नाहीं. क्लॉडियस बादशहानें ह्या लोकांचा इतिहास वीस भागांत लिहिला होता. तो ग्रंथही काळाच्या उदरांत गडप झाला. जी भाषा डोळ्यांना दिसते पण मनाला कळत नाहीं, जिची एकही लेक मागें उरलेली नाहीं, आणि जिच्यांत आज कोणीही कांहीं लिहूं शकत नाहीं, तिला मृत म्हणणें योग्य होय.

लॅटिनची स्थिति अशी आहे काय ? ती आज कोणाही बालकाची मातृभाषा नाहीं, हें खरें. एवढ्याच अर्थानें तिला मृत म्हणावयाचें असेल तर वाद नाहीं. परंतु कोणाची मातृभाषा नसणें, कोणास न समजणें, आणि कोणत्याही कामास न येणें, ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. 'मृत' हा एकच शब्द तिन्हींवर पांघरून आपण घोटाळा करतों. तेव्हां ह्या तिन्ही गोष्टींचा इतिहासाच्या क्रमानें विचार करूं.

लॅटिन ही मूळची लाशियम नांवाच्या लहानशा प्रांतांतील, टायबर नदीच्या कांठच्या शेतकऱ्यांची व मेंढपाळांची बोली. भाषाशास्त्राच्या दृष्टीनें ती आपल्या संस्कृतची दूरची बहीण होय. संस्कृतांत पितृ व मातृ, तर लॅटिनमध्यें 'पातेर' व 'मातेर'. इकडे नाम, तिकडे 'नोमेन'. इकडे अग्नि, तिकडे 'इग्निस'. सप्त, अष्ट, नव, दश हे आपले आंकडे तिकडे 'सेप्तेम', 'ऑक्तो', 'नोव्हेम', 'देकेम' होतात, आणि सप्टेंबर ते डिसेंबर ह्या चार महिन्यांच्या नांवांत ते आजही आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत बसलेले आहेत. रोमचें राज्य जसजसें वाढलें, तसतशी ही बोली सैनिकांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर व न्यायाधीशांबरोबर दूरदूर पसरली. प्रभु येशूच्या क्रुसावर पिलातानें लावलेली पाटी हिब्रू, लॅटिन व ग्रीक ह्या तीन भाषांत होती, असें संत योहान सांगतो. त्या पाटीवर लॅटिन आली ती प्रार्थनेची भाषा म्हणून नव्हे. शिक्षा फर्माविणाऱ्या सरकारची भाषा म्हणून आली. हें ध्यानांत ठेवावें. लॅटिनमध्यें जन्मतःच कांहीं पावित्र्य होतें, असें समजण्याचें कारण नाहीं.

खुद्द रोममधील ख्रिस्तसभेची आरंभींची भाषाही लॅटिन नव्हती. संत पौलानें रोमकरांस पत्र लिहिलें तें ग्रीक भाषेंत. त्या काळीं पूर्वेकडून आलेले व्यापारी, कारागीर व गुलाम ह्यांचा रोममध्यें मोठा भरणा होता, आणि ते सर्व ग्रीक बोलत. संत कॅलिस्टस ह्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रोमच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकांतील पोप पाँशियन, पोप फाबियन आदिकरून परमगुरूंच्या थडग्यांवरील शिळा आहेत. त्यांवरील नांवें ग्रीक अक्षरांत कोरलेलीं आहेत. लॅटिन ख्रिस्ती साहित्याचा उगम रोममध्यें झाला नाहीं, तो उत्तर आफ्रिकेंत झाला. इ. स. १८० मध्यें कार्थेज नगरांत सिल्ली गांवच्या बारा ख्रिस्ती स्त्रीपुरुषांस देहांत शासन झालें. त्यांच्या चौकशीचा वृत्तांत लॅटिनमध्यें आहे, आणि ज्याचा काळ निश्चित ठरवितां येतो असा तोच सर्वांत जुना लॅटिन ख्रिस्ती लेख होय. म्हणजे आपल्या धर्मांत लॅटिन शिरली ती विद्वानांच्या हातून नव्हे, तर साध्या गांवकरी हुतात्म्यांच्या तोंडून !

पुढें रोममधील लोकही ग्रीक विसरले. तेव्हां ख्रिस्तसभेनें काय केलें ? लोकांना न समजणारी ग्रीक तिनें वेदीवर धरून ठेविली नाहीं. चौथ्या शतकांत उपासना लॅटिनमध्यें होऊं लागली, आणि पोप दामासस ह्यांनीं इ. स. ३८२ मध्यें संत जेरोमवर शुभवर्तमानांचें लॅटिन भाषांतर शुद्ध करण्याचें काम सोंपविलें. संत जेरोम पुढें बेथलेहेमास जाऊन राहिला, आणि हिब्रू मुळावरून जुना करार लॅटिनमध्यें आणण्याचें काम त्यानें सुमारें इ. स. ४०५ पर्यंत पुरें केलें. ह्या बायबलास 'वुल्गाता' असें नांव पडलें. ह्या शब्दाचा अर्थच मुळीं 'सर्वसामान्य, जनतेची' असा आहे. आज जी भाषा आपणांस केवळ पंडितांची वाटते, ती त्या काळीं लोकभाषा म्हणून निवडली गेली होती.

ह्याच काळांतील संत ऑगस्टीन ह्यांचें एक उदाहरण फार बोधप्रद आहे. लॅटिनमध्यें 'ओस' ह्या शब्दांतील स्वर ऱ्हस्व असला तर अर्थ 'हाड' आणि दीर्घ असला तर अर्थ 'तोंड' होतो. जसें आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन'. परंतु आफ्रिकेंतील लोकांच्या कानांस ऱ्हस्वदीर्घाचा हा भेद कळेनासा झाला होता. म्हणून व्याकरणाच्या दृष्टीनें अशुद्ध, पण लोकांच्या तोंडीं असलेला 'ओस्सुम' हा शब्द हाडासाठीं वापरावा, असा सल्ला ऑगस्टीन ह्यांनीं धर्मशिक्षकांस दिला. स्वतः अलंकारशास्त्राचे अध्यापक असलेल्या पंडितानें हें सांगावें, ह्यांतच ख्रिस्तसभेची भाषाविषयक खरी दृष्टि दिसून येते.

आतां ही लोकभाषा 'मेली' केव्हां ? पश्चिमेकडील रोमचें साम्राज्य इ. स. ४७६ मध्यें लयास गेलें, म्हणून लॅटिनही त्याच वर्षीं संपली असें पुष्कळांस वाटतें. पण साम्राज्य बुडालें तरी बाजार बंद पडला नाहीं, आणि आया आपल्या मुलांशीं बोलावयाच्या थांबल्या नाहींत. त्या पूर्वींप्रमाणेंच बोलत राहिल्या. मात्र दर पिढीस उच्चार थोडा ढळला, प्रत्यय थोडे गळाले. स्पेनांत एका बाजूस, गॉल देशांत दुसऱ्या, इटलींत तिसऱ्या. कोणाही एका पिढीला आपण नवी भाषा बोलतों आहोंत असें वाटलें नाहीं. इ. स. ८१३ मध्यें फ्रान्समधील तूर येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें महागुरूंस आज्ञा केली कीं, प्रवचनें लोकांना समजावीं म्हणून तीं 'ग्रामीण रोमन' अथवा जर्मन बोलींत उतरून सांगावीं. लॅटिन आणि लोकांची बोली आतां दोन झाल्या, ह्याची ही कबुली होय. आणि ती प्रथम दिली ती धर्मगुरूंनीं, कारण आपलें प्रवचन खालीं बसलेल्यांस कळत नाहीं हें त्यांनाच प्रत्यहीं दिसत होतें. पुढें इ. स. ८४२ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें शार्लमेन बादशहाच्या दोन नातवांनीं परस्परांच्या सैन्यापुढें शपथा वाहिल्या. त्या जशाच्या तशा लिहून ठेविलेल्या आहेत. त्यांत फ्रेंच भाषेचें पहिलें रूप दिसतें.

हें आपणां मराठी माणसांस समजावयास कठीण जाऊं नये. महाराष्ट्री प्राकृत अमुक दिवशीं मेली आणि मराठी अमुक दिवशीं जन्मली, असें कोणी सांगूं शकेल काय ? शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला, तेव्हां ती मराठी कित्येक शतकें लोकांच्या तोंडीं घडत आलेली होती. तसेंच लॅटिनचें झालें. ती मेली नाहीं. ती इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, रुमानियन अशा लेकींच्या रूपानें नांदत राहिली. आणि ह्यांपैकीं पोर्तुगीज ही लेक सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यास लागली. लॅटिन 'पानेम', पोर्तुगीज 'पांव', आणि मराठी पाव ! लॅटिन 'क्लाव्हेम', पोर्तुगीज 'शाव्ह', आणि आपली चावी. पाद्री हा शब्द 'पातेर' ह्याच्याच वंशांतला. नाताळ हा 'नातालिस' ह्याचा. क्रूस हा 'क्रुक्स' ह्याचा. महिनाअखेर ज्याची आपण वाट पाहतों तो पगारसुद्धां त्याच घराण्यांतला आहे. तेव्हां सकाळीं दारावर आलेल्या पाववाल्यास हांक मारणारी आपली गृहिणी लॅटिनच्या पणतीला हांक मारीत असते, असें म्हटलें तर चूक होणार नाहीं.

येथपर्यंत लॅटिन मातृभाषा म्हणून कशी लेकींत विलीन झाली हें पाहिलें. पण आई म्हणून संसार लेकींच्या स्वाधीन केल्यावरही तिनें काम सोडलें नाहीं. कोणाचीच मातृभाषा नसल्यामुळें ती सर्वांस सारखी परकी झाली, आणि सारखी परकी झाल्यामुळेंच सर्वांस सारखी आपली होऊं शकली. हंगेरीच्या राज्यांत अनेक भाषा बोलणारे लोक एकत्र राहत होते, तेथें इ. स. १८४४ पर्यंत लॅटिन हीच राज्यकारभाराची भाषा होती. क्रोएशियाच्या विधिसभेंत ती इ. स. १८४७ पर्यंत चालली. त्याहूनही नवलाची गोष्ट इ. स. १६८९ मधील आहे. रशिया व चीन ह्यांच्यांत नेर्चिन्स्क येथें सरहद्दीचा तह झाला. रशियनांस चिनी येईना, चिन्यांस रशियन येईना. तेव्हां चीनच्या बादशहानें पाठविलेले परेरा व जेर्बियों हे दोन येशूसंघी धर्मगुरु मध्यें बसले, आणि तहाचा अधिकृत मजकूर लॅटिनमध्यें लिहिला गेला. दोन्ही पक्षांपैकीं एकाचीही जी भाषा नव्हती, तिच्यावर दोघांनींही विश्वास ठेविला.

शास्त्रांचेंही असेंच झालें. कोपर्निकस ह्यांचा इ. स. १५४३ चा ग्रंथ लॅटिनमध्यें, न्यूटन ह्यांचा इ. स. १६८७ चा ग्रंथ लॅटिनमध्यें. आपल्या देशाशीं निकटचा संबंध असलेला ग्रंथ म्हणजे 'हॉर्तुस मालाबारिकुस', अर्थात् मलबारचा वनस्पतिबाग. कोचीनचे डच अधिकारी व्हान ऱ्हेडे ह्यांनीं तो तयार करविला, आणि इ. स. १६७८ ते १६९३ ह्या काळांत तो ॲम्स्टरडॅम येथें बारा खंडांत छापला गेला. ग्रंथ लॅटिन, पण त्यांतील ज्ञान इट्टी अच्युतन् ह्या मलबारी वैद्याचें, तसेंच रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या तीन कोंकणी वैद्यांचें. ह्या तिघांचें कोंकणी प्रशस्तिपत्र देवनागरी लिपींत त्या ग्रंथाच्या आरंभीं छापलेलें आहे. आपल्या अंगणांतील आंब्यास सर्व जगांतील वनस्पतिशास्त्रज्ञ 'मॅंजिफेरा इंडिका' म्हणतात. हें लॅटिन नांव लिनीयस ह्यांनीं इ. स. १७५३ मध्यें दिलें. नव्या वनस्पतीचें वर्णन लॅटिनमध्येंच प्रसिद्ध केलें पाहिजे असा शास्त्रज्ञांचा नियम इ. स. १९३५ पासून होता. तो इ. स. २०१२ च्या आरंभीं शिथिल झाला व इंग्रजीसही परवानगी मिळाली. तरी नांव अद्याप लॅटिन पद्धतीनेंच द्यावें लागतें.

ह्याच लॅटिन शिक्षणांतून तयार झालेला एक पुरुष मराठी भाषेस फार मोठें देणें देऊन गेला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. इ. स. १५८३ मध्यें त्यांनीं आपल्या भावास एक पत्र लिहिलें, तें लॅटिनमध्यें. आणि त्या पत्रांत, येथील भाषांची रचना लॅटिन व ग्रीक ह्यांच्यासारखी आहे, असें त्यांनीं नमूद केलें. सर विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या नात्याविषयीं प्रसिद्ध व्याख्यान दिलें तें इ. स. १७८६ मध्यें, म्हणजे ह्या पत्रानंतर दोनशें वर्षांनीं. फादर स्टीफन्स लॅटिन जाणत होते म्हणूनच त्यांना आपल्या भाषेची योग्यता ओळखतां आली. तिला रानटी बोली न समजतां त्यांनीं तिच्यांत सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें, आणि तें इ. स. १६१६ मध्यें साष्टींतील राशोल येथें छापून निघालें. देवनागरी खिळे नसल्यामुळें तें रोमन, म्हणजे लॅटिन, अक्षरांत छापावें लागलें. वस्त्र लॅटिन, देह मराठी, आणि आशय शुभवर्तमानाचा !

ह्याच्या अगदीं उलट उदाहरणही त्याच भूमींत घडलें, तेंही लपवितां कामा नये. इ. स. १६८४ मध्यें गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं, येथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. भाषा काळाच्या ओघांत बदलणें निराळें, आणि ती बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणें निराळें. तो हुकूम फसला. कोंकणी आज जिवंत आहे, आणि इ. स. १९८७ पासून ती गोव्याची राजभाषा आहे. परंतु ती जगली ती घराघरांतील आयांच्या हट्टामुळें.

आतां आपल्या पक्षावर येणारा सर्वांत मोठा आक्षेप विचारांत घेऊं. कोणी म्हणेल, "गुरुजी, लॅटिन राजांस व शास्त्रज्ञांस उपयोगी पडली असेल, पण आमच्या आजीस ती कळत होती काय? धर्मगुरु वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणत, आणि ती मागें बसून जपमाळ ओढी. तिच्यापुरती ती भाषा मृतच नव्हती काय ?" हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळूं नये. चौथ्या शतकांत जी लॅटिन लोकांना समजावें म्हणून वेदीवर आणली गेली, तीच पुढें लोकांना न समजणारी झाली, आणि तरीही तेथेंच राहिली. ट्रेन्टच्या विश्वपरिषदेनें इ. स. १५६२ मध्यें, मिस्सा सर्वत्र लोकभाषेंत व्हावी हें त्या समयीं इष्ट मानलें नाहीं. परंतु त्याच ठिकाणीं धर्मगुरूंस अशीही आज्ञा केली कीं, मिस्सेंत जें वाचलें जातें त्याचा अर्थ लोकांस वारंवार समजावून सांगावा. पहिली आज्ञा सर्वत्र पाळली गेली. दुसरी तितक्याच निष्ठेनें पाळली गेली असती, तर आजीची तक्रार पुष्कळशी उरली नसती.

तथापि एकच भाषा पवित्र असा ख्रिस्तसभेचा सिद्धांत केव्हांही नव्हता. नवव्या शतकांत संत सिरिल व संत मेथोदियस ह्यांनीं स्लाव्ह लोकांसाठीं त्यांच्याच भाषेंत उपासना सुरू केली, तेव्हां कित्येकांनीं हरकत घेतली कीं, क्रुसावरील पाटीच्या तीन भाषांवांचून इतर भाषेंत देवाची स्तुति होऊं नये. पोप दुसरे एड्रियन ह्यांनीं ही हरकत मानली नाहीं, आणि स्लाव्ह भाषेंतील धर्मपुस्तकांस रोममध्यें मान्यता दिली. इ. स. १६१५ मध्यें पोप पांचवे पौल ह्यांनीं चीनमध्यें चिनी भाषेंत मिस्सा करण्यास अनुज्ञा दिली होती. दुर्दैवानें ती अंमलांत आली नाहीं. आपल्याच देशांत केरळचे बंधु शतकानुशतकें सिरियाक भाषेंत उपासना करीत आले.

शेवटीं इ. स. १९६२ मध्यें दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद भरली. गंमत अशी कीं, लोकभाषेस दार उघडावें कीं नाहीं ह्याची तेथील चर्चा लॅटिनमध्येंच झाली, कारण जगांतील सर्व खंडांतून आलेल्या महागुरूंस दुसरी समाईक भाषा नव्हती. ता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें संविधान २१४७ विरुद्ध ४ मतांनीं संमत झालें. त्यांत लॅटिनचा उपयोग राखावा असें सांगून लोकभाषेस अधिक वाव दिलेला आहे. ता. ७ मार्च १९६५ रोजीं पोप सहावे पौल ह्यांनीं स्वतः रोममधील एका धर्मग्रामांत इटालियन भाषेंत मिस्सा केली. कित्येकांस वाटलें, ख्रिस्तसभेनें आपल्या जुन्या भाषेचा त्याग केला. माझ्या मतें तिनें आपलीच जुनी रीत पुन्हां पाळली. रोमच्या लोकांना ग्रीक कळेनाशी झाली तेव्हां तिनें लॅटिन घेतली. जगाच्या लोकांना लॅटिन कळेनाशी झाली तेव्हां तिनें मराठी घेतली.

आणि तरीही लॅटिन संपली नाहीं. आज आपण जी मराठी मिस्सा म्हणतों, तिचा मूळ आधारग्रंथ लॅटिनच आहे. सर्व देशांतील भाषांतरें त्यावरून पडताळून पाहिलीं जातात. इ. स. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा अधिकृत पाठ लॅटिन आहे. ता. ११ फेब्रुवारी २०१३ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं आपल्या पदत्यागाची घोषणा लॅटिनमध्यें केली. त्या वेळीं लॅटिन जाणणाऱ्या एका इटालियन स्त्री-वार्ताहरास ती ऐकतांच उमगली, आणि ही बातमी तिनेंच प्रथम जगास कळविली. मात्र खोटी समजूतही करून घेऊं नये. इ. स. २०१४ च्या महागुरूंच्या सभेंत लॅटिनऐवजीं इटालियन ही अधिकृत भाषा ठरविण्यांत आली. सेमिनरींत आम्हीं लॅटिन शिकलों खरें. पण जुन्या पिढीचे धर्मगुरु जसे तिच्यांत वादविवाद करीत, तसा आमच्यांतील क्वचित्च कोणी करूं शकेल. ती वृद्ध आहे. तिचा परिवार लहान होत चालला आहे. पण वृद्धेस मृत म्हणणें हा शिष्टाचार नव्हे.

ह्या सर्व विवेचनाचा आपल्या धर्मग्रामाशीं काय संबंध, असें विचाराल तर तो पुष्कळ आहे. आपल्या देवळांतील पहिल्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्या लॅटिनमध्यें आहेत. घरीं ज्यास पेद्रू म्हणत, तो तेथें 'पेत्रुस' आहे. ज्यास जुजे म्हणत, तो 'योसेफुस' आहे. बालक कोणाचें, कोणत्या दिवशीं जन्मलें, धर्ममातापिता कोण, स्नान कोणीं दिलें, पुढें त्याचें लग्न कोठें लागलें, हें सर्व त्या चार ओळींत व समासांत लिहिलेलें आहे. आपण ज्यांना विसरलों, त्यांचीं नांवें त्या पानांनीं जपून ठेविलीं. तीं पानें वाचूं शकणारा एकही माणूस जर ह्या गांवांत उरला नाहीं, तर त्या दिवशीं आपल्यापुरती लॅटिन खरोखर मेली असें समजावें. आणि तें मरण रोममध्यें नव्हे, आपल्या कपाटांत घडेल. तेव्हां ह्या अमृतमहोत्सवी वर्षांत निदान पांचसहा तरुणतरुणींनीं त्या नोंदी वाचण्यापुरतें लॅटिन शिकावें, अशी माझी विनंती आहे. शब्द पन्नासांच्या आंतले आहेत. ते शिकविण्याचें काम मी आनंदानें करीन. तसेंच क्रुसापुढें पवित्र मरियेची लितानी अजून लॅटिनमध्यें म्हणूं शकणारीं जीं कांहीं वृद्ध माणसें आपल्यांत आहेत, त्यांच्यापाशीं बसून ती चालीसकट व अर्थासकट शिकून घ्यावी.

परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. इ. स. २०२४ मध्यें आपल्या मराठीस भारत सरकारनें अभिजात भाषेचा दर्जा दिला, ह्याचा आपणां सर्वांस आनंद झाला. पण लॅटिनच्या इतिहासावरून हें दिसून येतें कीं, दर्जा कितीही मोठा असला तरी तो भाषेस घरांत जिवंत ठेवूं शकत नाहीं. आज आपल्या कित्येक घरांत सायंकाळच्या जपमाळेस आजी मराठींत प्रार्थना म्हणते, आणि नातू गप्प बसतो. कारण त्याला तीच प्रार्थना इंग्रजींत येते, मराठींत येत नाहीं. इंग्रजी शिकणें हा दोष नव्हे. मुलांनीं तें अवश्य शिकावें. पण एका खोलींत, एका क्रुसाखालीं, एकाच देवाची प्रार्थना करणारीं दोन माणसें परस्परांस उत्तर देऊं शकत नाहींत, ही स्थिति लॅटिन मिस्सेच्या काळांतील आजीच्या स्थितीहून फारशी निराळी नाहीं. तेव्हां निदान वेदीवरील भाषा परकी होती. आतां घरची भाषाच परकी होऊं पाहत आहे. लॅटिन लेकींच्या रूपानें जगली, कारण आया मुलांशीं बोलत राहिल्या. आपली भाषाही त्याच एका उपायानें जगेल. मुलांस प्रभूची प्रार्थना व नमो मरिया आईच्या भाषेंत शिकविण्यास दहा मिनिटें लागतात, आणि तीं देण्यास कोणा सरकारची वा महागुरूंची परवानगी लागत नाहीं.

ज्या दयाघन प्रभूनें प्रत्येक भाषेंत आपली स्तुति करून घेतली, तो आपल्या ह्या धर्मग्रामास पुढील अनेक वर्षें आपल्या नामाचा गजर करण्याचें सामर्थ्य देवो, आणि ज्यांचीं नांवें त्या जुन्या नोंदवह्यांत लॅटिन अक्षरांत लिहिलेलीं आहेत, त्या आपल्या सर्व मृत बंधुभगिनींस चिरविश्रांति देवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.